दोनशे बारा सह्या आणि एक शेरीची बाटली

टसॉकबर्न गावात गटारं सोडून दुसऱ्या कुठल्याही विषयावर मला कोणी मत विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. एकोणचाळीस वर्षं मी या गावाचा गटार निरीक्षक होतो. गावातल्या प्रत्येक घरातून निघालेला पाइप कुठे वळतो, कुठे उतरतो आणि कुठे तुंबतो हे मला झोपेतही सांगता येईल. माणसांची नावं कधीमधी विसरतो, पण घराच्या गटाराचा जोडणी क्रमांक विसरत नाही. शेजारचा आर्ची मॅक्रॉस्टी म्हणजे माझ्या लेखी जोडणी क्रमांक एकशे चार, पाइपला मधे एक कोपर म्हणजे वळण, उतार समाधानकारक.

अशा माणसाने किराणा दुकानात दारू विकू द्यावी की नाही या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. मी पडलो तो माझ्या मेव्हणीमुळे.

ग्लेनिस क्राइस्टचर्चसारख्या मोठ्या शहरात राहते आणि हे ती आम्हाला विसरू देत नाही. ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, एका रविवारी ती जेवायला येणार म्हणून माझ्या बायकोने, नोलिनने, ट्रायफल करायचा बेत केला. ट्रायफल म्हणजे केक, फळं आणि कस्टर्ड यांचे थर, आणि त्यातला केक शेरीत, म्हणजे गोडसर वाइनमध्ये, भिजवावा लागतो. शनिवारी सकाळी नोलिन म्हणाली, "लिंडसे, एक शेरीची बाटली आण. आणि लवकर ये हं, दहाला मला पाण्यात जायचंय."

हे पाण्यात जाणं म्हणजे काही हौस नव्हे. मागच्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात रोज नाही तरी आठवड्यातून तीनदा चाला, नाहीतर ही काठी जन्माची सोबतीण होईल. नोलिनला काठीचा भयंकर तिटकारा. गावच्या पोहण्याच्या तलावात ती महिनोन्‌महिने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, आणि जुलैत एके दिवशी घरी येऊन तिने काठी वॉशिंग मशीनच्या मागे टाकून दिली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो. मला इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

तर मी शेरी आणायला निघालो. आधी गेलो मर्ना किटोच्या किराणा दुकानात, कारण ते आमच्या कोपऱ्यावर आहे. तिथे वाइनचे ग्लास आहेत, बूच काढायचा स्क्रू आहे, सोबत खायला चीज आहे, ऑलिव्ह आहेत, आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं तर त्याच्या गोळ्याही आहेत. मांडव आहे, वाजंत्री आहे, वऱ्हाडी जेवायला बसलेत, फक्त नवरामुलगा तेवढा नाही.

नवरामुलगा ट्रस्टच्या ताब्यात. आमच्या आजोबांच्या वेळी गावाने मतदान करून ठरवलं की टसॉकबर्नमध्ये दारू विकायची ती गावाच्या ट्रस्टनेच, आणि नफा गावातच वाटायचा. म्हणजे आपणच प्यायची, आपल्यालाच नफा करून द्यायचा, आणि त्या पैशातून आपल्याचसाठी बाक बांधून वर पितळी पाटी ठोकायची : 'ट्रस्टच्या सौजन्याने'. बाकावर पाटी, घड्याळावर पाटी, बँडच्या ढोलावर पाटी, दफनभूमीतल्या नळावर पाटी. गावात उभं राहायला जागा मिळाली तरी खाली वाकून बघावं लागतं, कोणाच्या सौजन्याने उभे आहोत ते.

ट्रस्टचं दुकान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दक्षिणेकडून वारा सुटलेला, गारा सपासप तोंडावर. तिथे पोहोचतो तर दारावर चिठ्ठी : 'बँडच्या तालमीला गेलोय. अडीचला येतो. डेस.' दुकान डेस चालवतो आणि बँडमध्ये मोठा ढोलही डेसच वाजवतो. शेजारच्या हॉलमधून ढोल मला स्वच्छ ऐकू येत होता. पण चालू तालमीत जाऊन माणसाकडे शेरी मागायची? माझ्यावर काही संस्कार आहेत. मी तसाच भिजत परत आलो. अडीचला पुन्हा निघालो तर गाडी सुरू होईना.

रविवारी नोलिनने केक संत्र्याच्या रसात भिजवला. ग्लेनिसने एक चमचा खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"नोलिन, ह्यात काय घातलंयस?"

"संत्र्याचा रस."

"का गं?"

यावर दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी सविस्तर खुलासा केला. ग्लेनिस शांतपणे ऐकून म्हणाली, "आमच्याकडे दूध आणायला गेलं की येताना वाइन आणता येते. भिंतभर बाटल्या असतात. तुमच्या गावात वीज आली ना नक्की? आणि लिंडसे, तू इतकी वर्षं सरकारी माणूस होतास, तुला साधं एवढंही करून घेता येत नाही?"

माणूस गटारात उतरतो तेव्हा त्याला अंगावर काय काय घ्यावं लागतं याची मला सवय आहे. पण स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर? मी उभा राहिलो. हातात चमचा होता. म्हणालो, "नाताळच्या आत मर्नाच्या दुकानात शेरी आली नाही तर नाव लावणार नाही गिलफेडर!"

नोलिन म्हणाली, "खाली बस, कस्टर्ड सांडतंय."

सोमवारी मी कौन्सिलच्या कचेरीत गेलो. तिथे निवडणुकीचं काम शोना बघते. शोना म्हणजे नियमांची जिवंत पेटी. उघडली की आतून कलमच निघतं. ती म्हणाली, "मिस्टर गिलफेडर, मतदार नऊशे. शंभरी पंधरा म्हणजे एकशे पस्तीस सह्या आणा. मग मतदान घ्यावंच लागेल, आणि मतदानात बाजूने जास्त मतं पडली की किराणा दुकानं मोकळी. नाव आणि सही ज्याची त्याने करायची. पत्ता तुम्ही लिहिलात तरी चालेल, फक्त वाचता येईल असा लिहा."

वाचता येईल असा! माझं अक्षर बघून एकदा शाळेच्या मुख्याध्यापिका हळहळल्या होत्या की हे गटारांसाठी वाया गेलं.

पहिली सही साहजिकच मर्नाची घ्यायची होती. मी तिला सगळी योजना समजावली तेव्हा तिचा चेहरा थोडा उतरला. मला वाटलं, आनंदाने असेल.

"वाइन? इथे?" ती म्हणाली.

"इथेच! कुत्र्यांची बिस्किटं आहेत ना, त्या फळीवर."

"हो... म्हणजे तशी... बरं. तू एवढा आलायस तर." तिने सही केली.

आर्चीने सही करायच्या आधी तासभर सल्ला दिला. "हे बघ लिंडसे, कॉर्नफ्लेक्सच्या शेजारी रम ठेवली की पोरांना वाटतं दोन्ही न्याहारीचेच प्रकार. दुसरं म्हणजे, मर्ना वाइन विकणार, मग डेस काय विकणार, कोबी? तिसरं म्हणजे, आज मर्ना आली, उद्या बाहेरची बडी दुकानं येतील, नफा घेऊन जातील आणि आपल्याला फक्त रिकाम्या बाटल्या राहतील. हा सगळा माझा विरोध. आता कुठे सही करू?"

"अरे, विरोध आहे तर सही कशाला?"

"तू शेजारी आहेस रे. आणि बाहेर गारा पडतायत. तुला परत पाठवलं तर बरं दिसेल का?"

मला यातच सगळं कळायला हवं होतं. पण यशाची झिंग शेरीपेक्षा लवकर चढते. दारं उघडत गेली, चहा होत गेला, सह्या पडत गेल्या. कोणी दोन्ही बाजूंनी वाद घातला, कोणी वर्तमानपत्रातलं कात्रण वाचून दाखवलं, जोडणी क्रमांक दोनशे एकवाल्या आजींनी तर दारूवरच बंदी घालायला हवी असं सांगत सही केली आणि वर मला मोजे दिले. आमच्या गावात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. फार तर 'हो, बघू' म्हणतात, आणि त्या 'हो, बघू'चा अर्थ दहा वर्षांनी कळतो. ते सही करत असताना मी शेजारच्या रकान्यात, वाऱ्याने कागद फडफडत असताना, माझ्या सुंदर अक्षरात पत्ता भरत होतो. भरभर, सवयीने. सहा दिवसांत दोनशे बारा सह्या!

इतकंच काय, शनिवारी मी ट्रस्टच्या दुकानात शिरलो तर खुद्द डेसनेही सही केली. "माझ्याकडे आलास हे बरं केलंस," तो म्हणाला. "मला वगळलं असतंस तर वाईट वाटलं असतं."

सोमवारी अर्ज दाखल करून मी विजयी वीरासारखा घरी आलो आणि कुंपणावरून आर्चीला आकडा सांगितला. त्याच्या हातातली गाडी धुवायची नळी खाली पडली.

"दोनशे बारा? अरे देवा. मला वाटलं, बाकीचे नाही म्हणतील!"

त्या आठवड्यात गावात कोणाशीही बोला, हेच. प्रत्येकाने माझं मन मोडू नये म्हणून सही केली होती, आणि मन मोडायचं काम दुसरा कोणीतरी करील अशी प्रत्येकाची खात्री होती.

मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते बुधवारी. नोलिन तलावावरून आली, ओला टॉवेल वाळत घातला, मग वॉशिंग मशीन पुढे ओढलं आणि मागची काठी काढली. फडक्याने पुसली आणि दाराजवळ उभी करून ठेवली.

"अगं, दुखतंय का?"

"नाही रे."

"मग ही कशाला?"

"असू दे. पुढे लागेल." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तलावावर सगळे बोलत होते. पाणी तापवायचं बिल ट्रस्ट भरतो म्हणे. ट्रस्टचा नफा गेला की ते बंद. गार पाण्यात माझा खुबा मला पाऊल टाकू देणार नाही, लिंडसे."

"ट्रस्ट भरतो? तिथे पाटी कुठाय?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

ती रागावली असती तर मी भांडू तरी शकलो असतो. मी कोट चढवला आणि थेट तलावावर गेलो. त्या तलावाचं पाणी बाहेर जातं तो नऊ इंची पाइप मी स्वतः बसवून घेतलाय. पाणी कुठे जातं हे मला माहीत होतं. त्यात ऊब कुठून येते हे विचारायचं मला एकोणचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. आत, टॉवेल टांगायच्या खुंट्यांवर, पाचसहा टॉवेल एकावर एक लटकत होते. ते बाजूला केले. मागे पितळी पाटी होती : 'ही ऊब ट्रस्टच्या सौजन्याने'. मला उभ्या उभ्या घाम फुटला. तिथे बरंच उबदार होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी उघडायच्या वेळेला शोनासमोर हजर. "अर्ज मागे घेतो."

"घेता येत नाही," शोना म्हणाली. "दाखल झाला की तो तुमचा राहत नाही, सही करणाऱ्यांचा होतो. त्यांना स्वतःचं नाव काढून घेता येईल, स्वतःच्या हस्ताक्षरात, उद्या पाचपर्यंत. म्हणजे तुम्हाला सत्त्याहत्तर... नाही, अठ्ठ्याहत्तर नावं कमी करावी लागतील."

मला वाटलं, सोपं आहे. यांना तर सही करायचीच नव्हती! मी पुन्हा त्याच दारांवर गेलो, त्याच गारांतून.

मर्ना म्हणाली, "नाव मागे घेऊ? छे छे! मला कुठे विकायचीय रे दारू. वेगळा कोपरा करा, परवाना काढा, आणि गल्ल्यावरची माझी पोरगी सतरा वर्षांची, तिला बाटलीला हातही लावता येणार नाही."

"मग घे ना नाव मागे!"

"आणि गाव काय म्हणेल? किटोबाईने लिंडसेला तोंडघशी पाडलं? शब्द दिला तो दिला. हे बघ, मी कुत्र्यांची बिस्किटंसुद्धा हलवली." खरोखरच फळी रिकामी केली होती, वर कागद अंथरला होता.

आर्चीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कच खाऊ नकोस. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. विरोधात, पण पाठीशी."

"अरे, मीच सांगतोय ना काढ म्हणून!"

"तू भिडस्त आहेस म्हणून सांगतोयस. ओळखतो मी तुला."

डेसने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या दिवशी हॉलमध्ये येऊन हाक का नाही मारलीस? अख्खं गाव मारतं. ढोल खाली ठेवून दोन मिनिटांत शेरी काढून दिली असती." मग त्याने खरोखरच एक शेरीची बाटली काउंटरवर ठेवली. मी पैसे दिले, बाटली घेतली, पण नाव काढायला तोही तयार होईना. म्हणे, माणसाचा आपल्यावरचा विश्वास महत्त्वाचा.

शुक्रवारी दुपारपर्यंत दोनशे बारापैकी एक नाव कमी झालं होतं. ते ज्याने काढलं त्याची सेप्टिक टाकी मी एक्क्याण्णव साली नापास केली होती. त्याने फॉर्म भरून वर मला पेढा दिल्यासारखं एक चॉकलेटही दिलं.

साडेचारला शोनाचा फोन आला. "मिस्टर गिलफेडर, जरा कचेरीत या. तुमच्या अर्जात गडबड आहे."

गेलो. तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "हे काय आहे?"

"पत्ते."

"मतदारयादीत रस्ता आणि घर क्रमांक असतो. इथे लिहिलंय, 'मॅक्रॉस्टी, एकशे चार, एक कोपर'. मॅक्रॉस्टी राहतात सतरा नंबरात. 'दोनशे एक, पाइपात झाडाची मुळं शिरतात' हा कोणाचा पत्ता? यादीशी एकही पत्ता जुळत नाही. असा अर्ज बाद होतो."

आता कोणीही शहाणा माणूस तिथल्या तिथे तिचे हात हातात घेऊन नाचला असता. पण मानी माणसाचं तोंड त्याच्या डोक्याच्या आधी उघडतं. मी ताडकन म्हणालो, "बाई, हे जोडणी क्रमांक आहेत! घरांचे नंबर दोनदा बदललेत, हे एकदाही बदललेले नाहीत. गावात यापेक्षा अचूक पत्ता नाही. तुमच्याच तळघरात माझी गटारांची नोंदवही आहे, त्यात प्रत्येक क्रमांकापुढे घर आणि रस्ता लिहिलाय!"

शोनाचे डोळे चमकले. "असं? ती कौन्सिलची अधिकृत नोंद आहे?"

"अर्थात!"

"मग प्रश्नच मिटला. नोंदवहीवरून पत्ते लावून घेते. कलमात बसतं. विश्वासार्ह आहे ना ती?" तिने पेन उघडलं. "तसं तुम्ही इथे लिहून सही केलीत की झालं. अर्ज मंजूर."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला सात कमी होते. ('ट्रस्टच्या सौजन्याने.') त्या नोंदवहीत माझी एकोणचाळीस वर्षं होती. पावसात, चिखलात, फीत टाकून एकेक पाइप मोजलेला. गावाने माझी कधी पाटी लावली नाही. ती वही हीच माझी पाटी. आणि दाराजवळ पुसून ठेवलेली ती काठी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"मिस्टर गिलफेडर?"

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"विश्वासार्ह नाही. चुका आहेत तिच्यात." मी घड्याळाकडे बघत पुढे म्हणालो, "खूप आहेत. अंदाजपंचे लिहायचो मी."

शोनाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या घराचं तुंबलेलं गटार मी त्या वहीवरून पहिल्या फटक्यात शोधून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वीच. तिने कागद पुढे केला. मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं की सदर नोंदवहीवर विसंबून राहू नये, आणि खाली सही केली. ती त्या अर्जाच्या निमित्ताने मी केलेली एकुलती एक सही. स्वतःच्या अर्जावर सही करायला मी गडबडीत विसरलोच होतो.

"अर्ज बाद," शोना म्हणाली आणि शिक्का मारला. मग हळूच म्हणाली, "माझीही सही होती त्यात. सुटले बाई."

बाहेर आलो तर गारा थांबल्या होत्या. बातमी माझ्या आधी गावभर गेली होती. आर्ची कुंपणावरून माझं सांत्वन करत होता आणि करताना त्याला हसू आवरत नव्हतं. मर्ना कुत्र्यांची बिस्किटं परत फळीवर लावत होती. तिने मला खिडकीतून इतक्या प्रेमाने हात केला की मी आयुष्यात एवढा लोकप्रिय कधी झालो नव्हतो. गावच्या इतिहासात माझ्याइतका वेंधळा माणूस झाला नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं, आणि मला, खरं सांगतो, इतकं हलकं वाटत होतं की चालताना पाय जमिनीला लागत नव्हते.

घरी नोलिन ट्रायफल करत होती. बाटलीतली अर्धा कप शेरी केकवर गेली होती आणि थोडी दोन छोट्या ग्लासांत. दाराजवळ काठी नव्हती. वॉशिंग मशीन पुन्हा भिंतीला सरकवलेलं होतं.

"शोनाचा फोन आला होता," नोलिन म्हणाली. "वहीत चुका आहेत असं लिहून दिलंस म्हणे."

"हो. असतील की. माणूस आहे, चुकतो."

तिने ग्लास माझ्या हातात दिला.

"एकही नाहीये," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी फितीचं दुसरं टोक कोण धरायचं? मीच ना?"